नळ चावतो, पप्पा!



गेल्या खेपेला वर्षावासातल्या ग्रंथवाचनाविषयी लिहिताना उरलेला भाग या अंकात देऊ, असे आम्ही कबूल केले होते. तो भाग तूर्त राहू द्या. मध्यंतरी आमच्या घरात एक प्रकरण घडले आणि ते तुमच्या कानावर घातल्यावाचून दुसरे काही लिहायला हात होईना. प्रकरण मोरीतल्या गळक्या गीझरचे आहे. विषय क्षुल्लक वाटेल. आम्हालाही वाटला होता.

आमचे बिऱ्हाड पुण्यात, पुनर्वसनाच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. मातोश्रींचे गुडघे थंडीत आखडतात म्हणून सहा वर्षांपूर्वी बोनसच्या पैशांतून 15 लिटरचा गीझर घेतला. तो सकाळी तासभर चालतो. एका रविवारी तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी वर आल्या. “भाऊ, वर काय तळं केलंय का? आमच्या मोरीची भिंत फुगलीया.” खाली जाऊन पाहिले तर खरेच, रंगाचे पोपडे निघालेले आणि भिंतीवर परातीएवढा ओला डाग. गीझरच्या खालच्या तोटीतून थेंब थेंब पाणी भिंतीवरून ओघळत होते आणि फरशीच्या फुटक्या सांध्यातून खाली झिरपत होते. मावशींची माफी मागितली आणि नाक्यावरच्या मिस्त्रीला बोलावून आणले.

मिस्त्री आला, वर बघितले, दोन मिनिटांत निदान केले. “साहेब, हा वॉल गेलाय. नवीन टाकायची गरज नाही, बंदच करून टाकतो.” त्याने एम-सीलचा गोळा मळला, तोटीच्या तोंडात दाबून बसवला आणि दोनशे रुपये घेऊन गेला. गळती थांबली. मावशी खूश, आम्ही खूश. आम्ही वहीत खर्च मांडला : गीझर दुरुस्ती, रु. 200.

चार-पाच दिवसांनी आमची धाकटी अंघोळ अर्धवट सोडून बाहेर आली. “पप्पा, नळ चावतो!” इयत्ता चौथीतली पोर. मातोश्री म्हणाल्या, “अंघोळीचा कंटाळा, दुसरं काय?” दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. आम्ही स्वतः जाऊन नळाला हात लावला. काही नाही. (पायात रबरी चप्पल होती, हे तेव्हा ध्यानात आले नाही.) तिसऱ्या दिवशी पोर रडायला लागली तेव्हा आम्ही तिच्यावर आवाज चढवला. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिले पाहिजे. महिन्यापूर्वीच विहारात केसपुत्ताच्या कालामांना तथागतांनी केलेल्या उपदेशावर आम्ही अर्धा तास बोललो होतो. कुणी ठासून सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासून बघा, असे लोकांना समजावले होते. आणि घरात काय केले? मिस्त्री ठासून बोलला म्हणून त्याचे मानले आणि पोर रोज सांगत होती तिचे मानले नाही.

त्याच संध्याकाळी आमचा भाचा आला. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा कोर्स करून तो चाकणकडे एका कारखान्यात लागला आहे. आमच्या घरात तो आजवर ‘बहिणीचा पोरगा’ एवढाच. बीकॉमची पदवी भिंतीवर लावलेल्या मामाने त्याला कधी विजेतले काही विचारले नव्हते. धाकटीनेच त्याला सांगितले, “दादा, नळ चावतो.” तो हसला नाही. त्याने हातातला चहा खाली ठेवला, आधी मेन स्विच पाडला आणि मग विचारले, “मामा, गीझरला कुणी हात लावला होता?”

पुढे जे कळले ते क्रमाने सांगतो.

गीझर म्हणजे एक बंद टाकी. खालून थंड पाणी आत येते, विजेचा एलिमेंट ते तापवतो, वरून गरम पाणी बाहेर जाते. पाणी तापले की फुगते. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 65 अंशांपर्यंत तापले, तर ते सुमारे पाव लिटरने वाढते. पाव लिटर म्हणजे मोठा पेला. नळ बंद आहे, टाकी पोलादाची आहे. हे वाढलेले पाणी जाणार कुठे? त्यासाठी थंड पाण्याच्या वाटेवर सेफ्टी व्हॉल्व्ह बसवलेला असतो. तो पाणी आत येऊ देतो, मागे जाऊ देत नाही, आणि आतला दाब ठरावीक मर्यादेबाहेर गेला की छोट्या तोटीतून थेंब थेंब बाहेर सोडतो. बहुतेक घरगुती गीझरच्या व्हॉल्व्हवर 8 बार असा आकडा असतो. 8 बार म्हणजे 80 मीटर उंचीच्या पाण्याचा दाब. पंचवीस-सव्वीस मजली इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीचा तळमजल्यावर असतो तेवढा. म्हणजे पाणी तापत असताना त्या तोटीतून थोडे थेंब पडले तर तो बिघाड नव्हेच. ते त्या व्हॉल्व्हचे कामच आहे. तोटीला एक बारीक नळी जोडून ती मोरीच्या जाळीपर्यंत सोडली असती, तर मावशींची भिंत फुगली नसती.

आमचा व्हॉल्व्ह मात्र तापण्याची वेळ सोडूनही टपटपत होता. इमारतीला बोअरिंगचे पाणी मिसळून येते. त्यातले क्षार व्हॉल्व्हच्या वॉशरखाली बसले होते, त्यामुळे तो पुरता मिटत नव्हता. नवीन व्हॉल्व्ह तीनशे रुपयांचा. मिस्त्रीने तो वाचवला आणि तोंड बुजवले. मग दाबाने दुसरी वाट काढली. एलिमेंट जिथे टाकीला बोल्टने आवळलेला असतो तिथे रबरी गॅस्केट असते. सहा वर्षांची जुनी, कडक झालेली. ती उसवली. पाणी आता आतल्या आत, खालच्या झाकणात गळू लागले आणि त्याच झाकणात विजेच्या तारा जोडलेल्या. बाहेरून एक थेंब दिसत नव्हता, म्हणून आम्ही समाधानी.

भाच्याने झाकण उघडले तेव्हा वाटीभर पाणी ओतले गेले. तारांची टोके हिरवी पडली होती. त्या ओलीतून वीज गीझरच्या अंगावर आणि पाण्यात उतरत होती. “पाईप तर प्लास्टिकचा आहे,” असे आम्ही म्हणालो. “पाईप प्लास्टिकचा, आतलं पाणी नाही ना प्लास्टिकचं,” असे तो म्हणाला.

आता खरा प्रश्न. अशी वीज अंगावर उतरली तर ती जमिनीत नेण्यासाठीच तिसरी तार असते, अर्थिंगची. तीन पिनांच्या प्लगमधली जाड पिन ती हीच. आमच्या प्लगला तिन्ही पिना होत्या. बोर्डालाही तीन भोके होती. भाच्याने बोर्ड उघडून दाखवला : तिसऱ्या भोकाच्या मागे तारच नाही! स्क्रू नवाकोरा, कधी आवळलेलाच नाही. इमारत ताब्यात आली त्या दिवसापासून ते भोक केवळ शोभेचे होते. चाव्या घेताना आम्ही नळ सोडून पाहिले होते, दारे-खिडक्या लावून पाहिल्या होत्या, यादीवर सही केली होती. बोर्डाच्या मागे पाहायचे असते हे कुणाला ठाऊक?

“पण एमसीबी आहे की,” आम्ही शेवटचा मुद्दा मांडला. कचेरीत टिपणीवर प्रतिटिपणी करायची सवय. तेव्हा त्याने जे समजावले ते प्रत्येक घरात ठाऊक असले पाहिजे. एमसीबी तारा वाचवतो, माणूस वाचवत नाही. 2000 वॉटचा गीझर साधारण 9 अँपिअर वीज ओढतो. त्याच्या 16 अँपिअरच्या एमसीबीला त्याहून मोठा भार आल्याशिवाय तो पडणारच नाही. आणि ओल्या अंगाच्या माणसाचा जीव जायला एका अँपिअरचा दहावा भागही लागत नाही. माणसासाठी असतो आरसीसीबी. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा तो सतत ताळा घेतो. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी तेवढा फरक पडला की डोळ्याचे पाते लवायच्या आत वीज तोडतो. हिशेबनीस माणसाला हे लगेच पटले. जमा आणि खर्च जुळला नाही की खाते बंद.

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. पोरीच्या पायाखाली अंघोळीला बसायचा प्लास्टिकचा पाट होता. ती त्याच्यावर उभी राहून नळाला हात लावत होती, म्हणून नुसत्या झिणझिण्या. एखाद्या दिवशी पाट बाजूला असता तर? आमच्या मंडळी काहीच बोलल्या नाहीत. सकाळी उठून त्यांनी चुलाण्यावर तापवावे तसे गॅसवर पातेल्यात पाणी तापवले आणि पोरीला स्वतः न्हाऊ घातले.

मातोश्री त्या दिवशी बऱ्याच वेळाने बोलल्या. कसब्यातल्या एका वाड्यात त्या ऐन तरुणपणी पहाटेच्या कामाला जात. दारामागे मोठा तांब्याचा बंब होता. तो राखेने घासायचा, पेटवायचा, वाड्यातल्या सगळ्यांच्या अंघोळी होईपर्यंत त्यात कोळसे घालत राहायचे, हे त्यांचे काम. आमच्या घरी मात्र तीन दगडांवर पत्र्याचा डबा. मातोश्री म्हणाल्या, “बंबात आधी पाणी, मग इस्तू. रिकामा पेटवला की डाग वितळतो आन् बंब गळतो. मग मालकीणबाई तांबट आळीला पाठवायची, आन् बोलणी आम्हाला.” (डाग म्हणजे तांब्याच्या पत्र्याचा सांधा झाळून जोडतात तो.) भाचा म्हणाला, “आजी, गीझरचा पण हाच नियम आहे. टाकीत पाणी नसताना बटण दाबलं की एलिमेंट जळतो.” आजी-नातवाची अशी कारागिरीची बोलणी आमच्या घरात प्रथमच झाली. मग आजी नातीकडे वळल्या आणि म्हणाल्या, “चुकलं गं बाई माझं.”

आता गळती कुठली, हे कसे ओळखावे, ते सांगतो. भाच्याने आम्हाला दाखवले तसे. प्रथम बटण बंद करा आणि प्लगही काढा. नुसत्या बटणावर विसंबू नका. काही ठिकाणी बटण चुकीच्या तारेवर बसवलेले असते आणि बंद दिसूनही आत वीज राहते. मग गीझर बाहेरून फडक्याने कोरडा करा आणि सांध्यांना, तोटीला कोरड्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या गुंडाळा. कागद कुठे आधी भिजतो ते बघा. पाणी वरच्या सांध्यातून निघून खालच्या कडेवरून टपकते आणि फसवते, म्हणून हा खटाटोप. नळ्यांच्या सांध्याशी भिजला तर काम सोपे : वॉशर बदलणे, टेफ्लॉन टेप गुंडाळणे. व्हॉल्व्हच्या तोटीशी केवळ तापताना भिजला तर नळी लावा. नेहमीच भिजत असेल तर व्हॉल्व्ह बदला. खालच्या झाकणाच्या फटीतून पाणी येत असेल तर वीज जोडूच नका. तिथे जाणकार माणूसच हवा. आणि पाणी तांबूस असेल, तर टाकीच सडली आहे.

सडलेली टाकी झाळून घेणारे भेटतात. त्यात पैसे घालू नका. आतला लेप झाळताना जळतो आणि ती शेजारीच पुन्हा फुटते. टाकी सडू नये म्हणून आत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, हे आम्हाला पन्नाशी जवळ आली तरी ठाऊक नव्हते. पाण्यातला गंज आधी त्या दांड्याला खातो, पोलादाला नाही. दांडा संपला की टाकीची पाळी. बोअरिंगच्या पाण्यात तो लवकर संपतो, म्हणून वर्षाला एकदा उघडून बघावा. आमचा दांडा पेन्सिलीएवढा उरला होता. सहा वर्षांत तो कुणी पाहिलाच नव्हता. तरी टाकी शाबूत निघाली हे आमचे नशीब म्हणायचे, पण नशीब हा शब्द या पानावर आम्ही वापरत नाही. असो.

खर्च असा झाला : गॅस्केट, व्हॉल्व्ह आणि मॅग्नेशियमचा दांडा मिळून आठशेच्या आत. बोर्डापर्यंत अर्थिंगची नवी तार आणि आरसीसीबी यांना अडीच हजारांच्या आसपास. मजुरी भाच्याने घेतली नाही, पण आम्ही दिली. नात्यातला म्हणून फुकट राबवायचे आणि नाक्यावरच्या मिस्त्रीला मात्र मुकाट दोनशे मोजायचे, ही आपल्या घरांतली जुनी खोड आहे. एक आकडा काटकसर करणाऱ्यांसाठीही देतो. गरम पाणी गळून दिवसाला 15 लिटरची एक बादली भरत असेल आणि गीझर चालूच राहत असेल, तर तेवढे पाणी तापवायला रोज सुमारे 0.7 युनिट लागते. महिन्याला 21 युनिट नुसते मोरीत.

नवीन घेणाऱ्यांनी आयएसआयचे चिन्ह आणि त्याखालचा आयएस 2082 हा क्रमांक बघून घ्यावे. कुणी गॅसचा गीझर सुचवतात, आम्हालाही सुचवला. तो बंद मोरीत लावू नये. जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो; त्याला ना वास, ना रंग. माणूस अंघोळ करता करता बेशुद्ध पडतो आणि बाहेरच्यांना पाण्याचा आवाज येत राहतो. लावायचाच तर मोरीच्या बाहेर, उघड्या हवेत. बादलीत पाणी तापवण्याचा रॉड वापरणारी घरे आपल्यात पुष्कळ. त्यांनी रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून बघू नये; प्लग काढावा, मग बघावे. आणि अर्थिंगचा नियम त्यालाही लागू आहे. दोन पिनांचा जुगाडू प्लग लावून रॉड वापरणे म्हणजे आमचेच प्रकरण पुन्हा.

घरच्या घरी टेस्टरने अर्थिंग तपासायला जाऊ नका. टेस्टर पेटला किंवा पेटला नाही, त्यावरून तार जमिनीपर्यंत धड पोहोचली आहे का हे कळत नाही. इलेक्ट्रिशियन टेस्ट लॅम्पने किंवा मीटरने तपासतो. आणि तार बोर्डापर्यंत असूनही भागत नाही. इमारतीच्या आवारात अर्थिंगचा खड्डा असतो, कोळसा आणि मीठ घालून केलेला. तो कोरडा पडू नये म्हणून उन्हाळ्यात त्यात पाणी घालावे लागते. आमच्या आवारातला खड्डा शोधायला दोन दिवस गेले. तो पेव्हर ब्लॉकच्या खाली दडपला होता आणि त्यावर स्कूटर उभ्या होत्या.

1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि वीज हा विषय त्याच खात्याकडे होता. 1944 साली स्थापन झालेले केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ त्यांच्याच कारकिर्दीतले. हे आम्ही जयंतीच्या भाषणात दरवर्षी सांगतो. परवा भाच्याने ते ऐकून विचारले, “मामा, मग वस्तीतली आयटीआयची पोरं जयंतीला फक्त लायटिंग करायलाच का बोलावता?” आमच्याजवळ उत्तर नव्हते.

म्हणून गेल्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर आम्ही विषय काढला. आधी काही जण हसले, गीझर हा काय विषय आहे? मग आम्ही धाकटीला उभे केले आणि तिला सांगायला लावले. तिने दोन वाक्यांत सांगितले. मागच्या बाकावरून एक ताई उठल्या. “आमचा फ्रिज पण असाच चावतो. मी आपली लाकडी फळीवर उभी राहून उघडते.” मग आणखी दोघी.

भाचा आणि त्याचे दोन मित्र, तिघेही आयटीआयचे, त्याच दुपारी मीटर घेऊन आमच्या मजल्यापासून सुरुवात करून फिरले. मागे आम्ही वही घेऊन. खोली क्रमांक, बोर्डाला अर्थिंग आहे की नाही, आरसीसीबी आहे की नाही, असे रकाने आखले. आमच्या मजल्यावरच्या आठ खोल्यांपैकी पाच खोल्यांत ते तिसरे भोक रिकामे निघाले. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींचेही. त्यांनी विचारले, “भाऊ, ह्याला किती खर्च येईल?” आकडा ऐकून त्या गप्प झाल्या. मग भिशीतून काढते म्हणाल्या.

वहीची प्रत आणि सोसायटीच्या नावे अर्ज सोमवारी दिला आहे. पोच घेतली आहे. आवारातला खड्डा मोकळा करण्याचे पोरांनी अंगावर घेतले आहे. ए विंग झाली, बी निम्मी झाली. या रविवारी उरलेली बी आणि जमल्यास सी. सकाळी दहा वाजता, विहाराच्या पायऱ्यांपाशी.